‘खूप’ला इंग्रजीत काय म्हणायचं? ‘व्हेरी’ वापरायला शिकण्याच्या पायऱ्या

वहिनींनी सकाळपासून खपून बांगड्याची आमटी केली होती. ताजी तिरफळं ठेचून घातलेली, वर कोकमं, रंग असा की बघताच भूक लागावी. पाहुणे म्हणजे जर्मनीहून आलेलं एक जोडपं. पानात वाढताना वहिनी अभिमानाने म्हणाल्या, ‘धिस करी इज टू स्पायसी!’ मस्त झणझणीत झालीय, खाऊन बघा, असं त्यांना म्हणायचं होतं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आमटीची वाटी हळूच बाजूला सारली आणि वरणभात खाऊन उठले. संध्याकाळी वर्गात आल्या आल्या वहिनींनी विचारलं, “सर, आमटी वाईट नव्हती हो. माझ्या बोलण्यात काय चुकलं?”

चुकला होता एकच शब्द. ‘व्हेरी’ हवा होता तिथे ‘टू’ पडला. ‘व्हेरी स्पायसी’ म्हणजे चांगली तिखट, आणि ‘टू स्पायसी’ म्हणजे खाता येणार नाही इतकी तिखट. पाहुण्यांना वाटलं, बाई स्वतःच सांगताहेत की तिखट जास्त पडलंय, खाऊ नका.

गुहागर तालुक्यात आता किनाऱ्यालगतच्या गावांत पुष्कळ घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. घर चालवणाऱ्या बायका, होडीवाले, रिक्षावाले, बारावीची मुलं असे सगळे आमच्या संध्याकाळच्या वर्गाला येतात. त्यांना शब्द माहीत असतात. अडतं ते ‘खूप’ या एका शब्दापाशी, कारण आपला ‘खूप’ एकटा चार-पाच कामं करतो आणि इंग्रजीत प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे. म्हणून मी व्याकरणाच्या पुस्तकापासून सुरुवात करत नाही. आधी मराठी वाक्य नीट ऐकायला लावतो.

पहिली पायरी : ‘खूप’ कोणाला चिकटलाय ते बघा

ही चार वाक्यं मोठ्याने म्हणा.

आमटी खूप तिखट आहे.
मला आमटी खूप आवडते.
आमटीत खूप पाणी आहे.
कालच्यापेक्षा आजची आमटी खूप चांगली झालीय.

चारही वाक्यांत ‘खूप’ आहे, पण पहिल्यात तो ‘तिखट’ या गुणाला चिकटलाय, दुसऱ्यात ‘आवडते’ या क्रियेला, तिसऱ्यात ‘पाणी’ या वस्तूला आणि चौथ्यात तुलनेला. यातलं फक्त पहिलं काम ‘व्हेरी’चं आहे. ‘व्हेरी’ गुण सांगणाऱ्या शब्दाआधी येतो: ‘व्हेरी स्पायसी’, ‘व्हेरी फ्रेश’, ‘व्हेरी ओल्ड’. क्रिया कशी घडली ते सांगणाऱ्या शब्दाआधीही तो चालतो: ‘व्हेरी स्लोली’, ‘व्हेरी अर्ली’. धोपाव्याच्या फेरीबोटीवरचा मुलगा पाहुण्यांच्या गाडीला मागे हात दाखवत ‘व्हेरी स्लोली, सर’ म्हणतो, ते अगदी बिनचूक आहे.

बाकीच्या तीन वाक्यांत ‘व्हेरी’ एकटा घालायचा नाही. ‘आय व्हेरी लाइक’ ही आमच्याकडची सगळ्यात नेहमीची चूक. तिथे ‘आय लाइक इट व्हेरी मच’ किंवा त्याहून सोपं ‘आय रिअली लाइक इट’. तिसऱ्यात ‘अ लॉट ऑफ वॉटर’. चौथ्यात ‘मच बेटर’.

आठवडाभर एवढंच करा. दिवसभरात तोंडातून ‘खूप’ गेला की क्षणभर थांबून बघा, तो गुणाला, क्रियेला, वस्तूला की तुलनेला चिकटलाय. इंग्रजी बोलायचंच नाही, फक्त ओळखायचं. आठवड्याने काकू स्वतःच सांगतात, “सर, आज ‘खूप दमले’ म्हटलं, ते गुणाचं ना?” हो, मराठीत दमणं ही क्रिया असली तरी इंग्रजीत ‘टायर्ड’ हा गुणच. ‘आय अॅम व्हेरी टायर्ड’.

क्रियेच्या बाबतीत एक पुढची गोष्ट. पाऊस खूप पडला, मुलं खूप हसली, आम्ही खूप फिरलो, या तिन्ही ठिकाणी ‘अ लॉट’ शेवटी ठेवला की काम होतं: ‘द चिल्ड्रन लाफ्ड अ लॉट’. पावसासाठी मात्र ‘इट रेन्ड हेविली’ जास्त शोभतं. मुसळधार पावसाला इंग्रजीतही स्वतःचा शब्द आहे, तो वापरावा.

भूक, तहान, थंडी : इथे वाक्यच उलटतं

मराठीत आपल्याला भूक लागते, तहान लागते, थंडी वाजते, राग येतो, भीती वाटते. या सगळ्या वस्तूंसारख्या बाहेरून येऊन आपल्याला गाठतात. म्हणून आपण ‘खूप भूक’ म्हणतो आणि ‘खूप’ भुकेला चिकटतो. पहिल्या पायरीच्या हिशेबाने ती वस्तू झाली, म्हणजे ‘अ लॉट ऑफ’ हवा, असं वाटेल. इंग्रजीत मात्र माणूसच भुकेला होतो. मला खूप भूक लागलीय म्हणजे ‘आय अॅम व्हेरी हंग्री’. तसंच ‘व्हेरी थर्स्टी’, ‘व्हेरी कोल्ड’, ‘व्हेरी अँग्री’, ‘व्हेरी स्केअर्ड’. बोटीतून उतरलेल्या पाहुण्याला विचारायचं तर ‘आर यू व्हेरी हंग्री?’ एवढंच पुरेसं. ‘यू हॅव व्हेरी हंगर?’ असं आमच्या एका होडीवाल्या दादांनी वर्षभर विचारलं. पाहुण्यांना अर्थ लागत असेल, पण दादांना ते कळल्यावर फार वाईट वाटलं. वाईट वाटायचं कारण नाही. मराठी वाक्याशी इमान राखलं होतं त्यांनी, फक्त इंग्रजीची बैठक वेगळी पडली.

शब्द आला कुठून

हे परीक्षेसाठी नाही, पण कळलं की शब्द जवळचा वाटायला लागतो. ‘व्हेरी’चा मूळ अर्थ ‘खरा’. लॅटिनमध्ये ‘वेरुस’ म्हणजे खरा, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘वेराई’ झालं आणि तिथून तो इंग्रजीत गेला. सुरुवातीला ‘व्हेरी’ म्हणजे खराखुरा एवढंच होतं. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये आंधळा बाप मुलाला चाचपून बघतो, तू माझा ‘व्हेरी सन’ आहेस का, म्हणजे खरंच माझाच मुलगा आहेस का. ‘खरोखर गोड’ म्हणता म्हणता शब्दातला खरेपणा झिजला आणि जोर तेवढा उरला. ‘रिअली’चंही तसंच झालं, ‘रिअल’ म्हणजे खरा.

आपला ‘खूप’ मात्र फारसीतल्या ‘खूब’वरून आलाय आणि ‘खूब’ म्हणजे चांगलं. ‘खुबी’ आणि ‘खूबसूरत’मध्ये तो अजून ताजा आहे. त्यांनी जोर देण्यासाठी सत्य घेतलं, आपण चांगुलपणा घेतला. मला ही गोष्ट वर्गात सांगायला मनापासून आवडते.

जुना अर्थ एका जागी अजून जिवंत आहे. ‘द’ आणि ‘व्हेरी’ एकत्र आले की त्याचा अर्थ ‘खूप’ राहत नाही, तो आपला ‘च’ होतो. ‘धिस इज द व्हेरी प्लेस’ म्हणजे हीच ती जागा. ‘अॅट द व्हेरी टॉप’ म्हणजे अगदी टोकावर. ‘द व्हेरी फर्स्ट फेरी’ म्हणजे सगळ्यात पहिली फेरीबोट. अंजनवेलच्या गोपाळगडावर पाहुण्यांना नेलंत आणि तटावरून दाभोळच्या खाडीचं मुख दाखवायचं असेल, तर ‘फ्रॉम धिस व्हेरी स्पॉट’ म्हणा, याच जागेवरून. इथे ‘द’ऐवजी ‘धिस’ आला तरी अर्थ ‘च’चाच राहतो.

दुसरी पायरी : ‘व्हेरी’ की ‘टू’

ही पायरी मी सगळ्यात जास्त दिवस घेतो, कारण चूक झाली तर अर्थ उलटा होतो.

‘टू’ म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त. आपल्याकडे ‘अति’ हा शब्द आहे आणि ‘अति तेथे माती’ ही म्हण आहे. ‘टू’ ऐकला की इंग्रजी कानाला त्या मातीचा वास येतो. काहीतरी बिघडलंय, जमणार नाही, नको आहे, हे त्यात आलंच. ‘व्हेरी’त तसं काही नसतं. तो फक्त पट्टी वर सरकवतो, चांगलं की वाईट ते पुढचा शब्द ठरवतो.

घोळ होतो तो आपल्या ‘फार’मुळे. ‘फार छान’मध्ये कौतुक आहे आणि ‘भाजी फार तिखट झाली’मध्ये तक्रार. एकच शब्द, सुरावरून अर्थ कळतो. इंग्रजीत त्याचे दोन शब्द करावे लागतात. ओळखायची माझी रीत सोपी आहे. मराठी वाक्यात ‘खूप’ किंवा ‘फार’च्या जागी ‘नको इतका’ घालून बघा. ‘चहा नको इतका गोड आहे’ हेच म्हणायचं असेल तर ‘टू स्वीट’. ‘मासा नको इतका ताजा आहे’ हे हास्यास्पद वाटतं ना? मग ‘टू फ्रेश’ म्हणायचं नाही, ‘व्हेरी फ्रेश’.

‘टू’च्या मागे पुष्कळदा अजून एक तुकडा येतो, काय जमणार नाही ते सांगणारा. ‘द टी इज टू हॉट टु ड्रिंक’, चहा इतका कढत की पिता येत नाही. ‘द बॅग इज टू हेवी टु कॅरी’. या बांधणीत ‘नाही’ हा शब्द कुठेच दिसत नाही, पण अर्थात ‘नाही’ असतो. मुलांची गल्लत इथेच होते. ती ‘टू हेवी टु नॉट कॅरी’ असं म्हणायला जातात. तो ‘नॉट’ काढून टाका, नकार आधीच आत बसलाय.

वस्तूचं माप असेल तर ‘टू मच’ आणि मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘टू मेनी’. मीठ जास्त झालं: ‘टू मच सॉल्ट’. माणसं जास्त झाली: ‘टू मेनी पीपल’. गुणाआधी मात्र ‘टू मच’ नाही. ‘टू मच टेस्टी’ हे कोकणातल्या खानावळींत रोज ऐकू येतं, ते सोडून द्या. ‘व्हेरी टेस्टी’.

‘टू गुड’चं काय, असं मुलं विचारतात. आपल्या देशात एकमेकांशी बोलताना ते कौतुक म्हणून रुळलं आहे आणि ऐकणारा भारतीय असेल तर कोणाचा गैरसमज होत नाही. बाहेरच्या पाहुण्याशी बोलताना किंवा काही लिहिताना मात्र ‘व्हेरी गुड’वर राहा. ‘यू आर टू काइंड’ तेवढं इंग्रजीतही गोड लागतं. इतकं करायची गरज नव्हती हो, असा तो संकोचाचा सूर असतो.

लिहिताना एक काळजी. ‘टू’ उच्चारात एक, पण लिहिण्यात तीन आहेत. जास्तीचा ‘टू’ दोन ‘ओ’ घालून लिहायचा. एकच ‘ओ’ घातला की तो ‘कडे’ किंवा ‘ला’ होतो. तिसरा आकडा, दोन. ‘मीही’ म्हणताना जो ‘मी टू’ येतो, त्यातही दोन ‘ओ’च.

तिसरी पायरी : हिरवागार आणि काळाकुट्ट

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पावसाळ्यात डोंगर कसा दिसतो? हिरवागार. आपण कधी ‘खूप हिरवागार’ म्हणतो का? नाही. ‘गार’मध्ये खूपपणा आधीच आलाय. पण ‘अगदी हिरवागार’ म्हणतो आणि ते कानाला गोड लागतं.

इंग्रजीत नेमकं हेच चालतं. काही शब्द मोकळे असतात, त्यांना कमी-जास्त करता येतं: गरम, थंड, मोठा, लहान, दमलेला, भुकेला. त्यांना ‘व्हेरी’ लावा. काही शब्द टोकाचे असतात, त्यांच्यात ‘व्हेरी’ आधीच शिजून गेलेला असतो. ‘हॉट’च्या टोकाला ‘बॉइलिंग’, ‘कोल्ड’च्या टोकाला ‘फ्रीझिंग’, ‘बिग’च्या टोकाला ‘ह्यूज’, ‘स्मॉल’च्या टोकाला ‘टायनी’, ‘टायर्ड’च्या टोकाला ‘एग्झॉस्टेड’, ‘हंग्री’च्या टोकाला ‘स्टार्व्हिंग’, ‘टेस्टी’च्या टोकाला ‘डिलिशस’. यांना ‘व्हेरी’ लावलं की ‘खूप हिरवागार’सारखं होतं. इथे ‘अगदी’ हवा आणि इंग्रजीतला ‘अगदी’ म्हणजे ‘अॅब्सोल्यूटली’. ‘अॅब्सोल्यूटली डिलिशस’, ‘अॅब्सोल्यूटली फ्रीझिंग’. लांबलचक शब्द जिभेवर बसत नसेल तर ‘रिअली’ घ्या. तो मोकळ्या आणि टोकाच्या अशा दोन्ही शब्दांबरोबर चालतो. नवशिक्यांना मी हाच आधी शिकवतो.

अजून गंमत पुढे आहे. मराठीत जसे ‘काळा’चा जोडीदार ‘कुट्ट’ आणि ‘पिवळा’चा ‘धमक’ ठरलेले असतात, तसे इंग्रजीतही जोडीदार ठरलेले आहेत. मिट्ट काळोख म्हणजे ‘पिच डार्क’. टक्क जागा म्हणजे ‘वाइड अवेक’. गाढ झोपलेला म्हणजे ‘फास्ट अस्लीप’. इथल्या ‘फास्ट’चा वेगाशी संबंध नाही, त्याचा जुना अर्थ घट्ट. कोराकरकरीत म्हणजे ‘ब्रँड न्यू’, कोरडाठाक म्हणजे ‘बोन ड्राय’, ओलाचिंब म्हणजे ‘सोकिंग वेट’, थंडगार म्हणजे ‘आइस कोल्ड’, वाफाळता गरम म्हणजे ‘पायपिंग हॉट’. फणसासारखी खच्चून भरलेली एसटी ‘जॅम-पॅक्ड’ असते.

या जोड्या पाठ करायला देताना मी मुलांना आधी मराठीची यादी करायला सांगतो. आंबटढाण, तिखटजाळ, गोडमिट्ट, कडूजहर, लालभडक, पांढराशुभ्र. घरी आजीला विचारून दहा शब्द आणा म्हटलं की मुलं वीस आणतात. तीन-चार आजींच्या पिशवीतून असे शब्द निघाले की वर्गात जो आनंद होतो, तो बघायला हवा. मग एकेक शब्द घ्यायचा आणि त्याच्या समोर इंग्रजी जोडीदार शोधायचा. सगळ्यांना मिळत नाही. ‘आंबटढाण’ला नेमका जोडीदार मला आजवर सापडलेला नाही, तिथे मी ‘रिअली सावर’ म्हणून पुढे जातो.

सोलकढीचा पेला पुढे करताना ‘व्हेरी कोल्ड’ न म्हणता एकदा ‘आइस कोल्ड’ म्हणून बघा. आणि घावणे तव्यावरून थेट पानात येत असतील तर ‘पायपिंग हॉट’. एका शब्दात भूक वाढते.

चौथी पायरी : तुलना आणि नकार

तुलनेत ‘व्हेरी बेटर’ होत नाही. ‘मच बेटर’ किंवा ‘फार बेटर’. हा ‘फार’ इंग्रजीच आहे, दूर या अर्थाचा, आणि योगायोगाने आपल्या ‘फार बरं’शी हुबेहूब जुळतो. दोन भाषांचं काही नातं नाही इथे, पण लक्षात ठेवायला यासारखी खूण नाही. ‘फार चीपर’, ‘फार बिगर’, ‘फार मोर इंटरेस्टिंग’, सगळीकडे आपला फार. सगळ्यात चांगला म्हणताना मात्र ‘व्हेरी’ परत येतो: ‘द व्हेरी बेस्ट’.

नकाराकडे नीट लक्ष द्या. पाहुणा जाताना अभिप्राय लिहून गेला: ‘द रूम वॉज नॉट व्हेरी क्लीन’. शब्दाला शब्द लावला तर अर्थ होतो, खोली खूप स्वच्छ नव्हती, म्हणजे बऱ्यापैकी स्वच्छ असेल. तसं नाही. ‘नॉट व्हेरी’ म्हणजे आपला ‘फारसा नाही’. खोली फारशी स्वच्छ नव्हती, असं पाहुणा म्हणाला की आपण समजतो, अस्वच्छ होती, सभ्यपणे सांगतोय. ‘नॉट व्हेरी हेल्पफुल’, ‘नॉट व्हेरी फ्रेश’, या सगळ्या मऊ आवाजातल्या तक्रारी आहेत आणि त्या तक्रारी म्हणूनच घ्यायला हव्यात. उलट ‘नॉट टू बॅड’ म्हटलं तर खूश व्हा, बरंच चांगलं होतं असं ते आहे.

‘क्वाइट’बद्दल थोडक्यात. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर बहुधा ‘बरं होतं’, अमेरिकन म्हणाला तर ‘छानच होतं’. तुम्ही स्वतः बोलताना ‘क्वाइट’ टाळा आणि ‘व्हेरी’वर राहा, म्हणजे दोघांनाही एकच अर्थ कळेल. लिहिताना शेवटचे ‘ई’ आणि ‘टी’ उलटसुलट झाले की ‘क्वाइट’चा ‘क्वाएट’ होतो, म्हणजे शांत. ‘शांत किनारा’ म्हणून फलकावर रंगवताना ‘ई’ आधी आणि ‘टी’ शेवटी आहे ना, ते रंगाऱ्याला कागदावर लिहून द्या.

पाचवी पायरी : तोंडाने म्हणणं

आमच्याकडे ‘व्हेरी’ आणि ‘फेरी’ दोन्ही शब्द रोज लागतात, कारण दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन्ही खाड्यांवर फेरीबोट चालते. ‘द फेरी इज व्हेरी लेट’ हे वाक्य म्हणजे जिभेला उत्तम तालीम. दोन्ही शब्दांत वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकवायचे. मराठी ‘फ’ म्हणताना दोन्ही ओठ मिटतात, तसे मिटू द्यायचे नाहीत. आता गळ्यावर बोट ठेवा. ‘फेरी’च्या पहिल्या ध्वनीला गळा स्वस्थ असतो, नुसती हवा जाते. ‘व्हेरी’च्या पहिल्या ध्वनीला बोटाखाली थरथर लागते. थरथर लागली नाही तर तुम्ही अजून बोटीतच आहात.

ओठांचा चंबू करून ‘वेरी’ म्हटलं तर ‘सावध’ या अर्थाच्या वेगळ्याच शब्दाजवळ जातं. दात ओठाला टेकले की तो धोका राहत नाही.

जोर द्यायचा तर ‘व्हे’वर द्या आणि तो किंचित लांबवा, जसं आपण ‘खूऽऽप’ म्हणतो. ‘व्हेरी व्हेरी’ दोनदा म्हणणं बोलताना चालतं, लिहिताना एकदाच. आणि ‘अ’ची एक छोटी अडचण: जुना किल्ला म्हणजे ‘अॅन ओल्ड फोर्ट’, पण मध्ये ‘व्हेरी’ आला की ‘अ व्हेरी ओल्ड फोर्ट’. ‘अॅन’ स्वरासाठी होता, आता पुढे ‘व्ह’ आलाय. ‘व्हेरी अॅन ओल्ड’ असा क्रम कधीच होत नाही.

सहावी पायरी : लिहिताना ‘व्हेरी’ खोडा

इंटरनेटवर आपल्या घराची माहिती टाकताना सगळे जण एकच करतात. ‘व्हेरी ब्यूटिफुल हाउस, व्हेरी क्लीन रूम्स, व्हेरी निअर बीच, व्हेरी टेस्टी फूड, व्हेरी फेमस मँगोज.’ यात एकही चूक नाही, तरी वाचणाऱ्याच्या मनात काहीच उभं राहत नाही. शेजारच्या घराच्या माहितीतही हेच पाच ‘व्हेरी’ आहेत.

कागदावर हे लिहून काढा आणि प्रत्येक ‘व्हेरी’खाली रेघ मारा. मग स्वतःला विचारा, खूप म्हणजे किती? किनारा खूप जवळ, म्हणजे चालत किती मिनिटं? चार. मग लिहा ‘फोर मिनिट्स वॉक टु द बीच’. घर खूप सुंदर, म्हणजे काय आहे त्यात? चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी आणि मागे माडांची वाडी. चिऱ्याला ‘लॅटराइट स्टोन’ म्हणतात, ते लिहा. जेवण खूप चविष्ट, म्हणजे काय मिळतं? सकाळी घावणे, दुपारी मासे, आणि मासे रोज सकाळी कोणत्या बंदरावरून येतात ते. आंबा खूप प्रसिद्ध, म्हणजे कशाच्या जोरावर? कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेवढं एक वाक्य लिहा. खोल्या खूप स्वच्छ, हे मात्र लिहूच नका. फोटो टाका.

पाचातले चार ‘व्हेरी’ असे गेले की एखादा ठेवा, जिथे मनापासून वाटतं तिथे. आमच्या एका काकूंनी शेवटी एकच ठेवला: ‘वुई आर व्हेरी हॅपी टु कुक फॉर यू.’ तो मी खोडू दिला नाही.

समुद्रासाठी

शेवटी ज्या वाक्यासाठी मी हा सगळा वर्ग चालवतो, ते. जूनमध्ये पाहुणा टॉवेल खांद्यावर टाकून निघतो आणि आपण काळजीने म्हणतो, ‘सी इज व्हेरी रफ.’ आपल्या मनात ‘जाऊ नका’ असतं. त्याने ऐकलेलं असतं, समुद्र खूप खवळलाय. हे वर्णन झालं, आणि पट्टीच्या पोहणाऱ्याला असं वर्णन आवडतं. ‘व्हेरी डीप’ ऐकून तर तो अजून खूश होतो. एकदा एक तरुण असाच आत गेला होता. काठावरच्या दोघांनी दोर टाकून त्याला बाहेर काढला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, मला कोणी नको म्हटलंच नव्हतं. त्याचं म्हणणं खरं होतं. सांगणाऱ्याने ‘व्हेरी’ म्हटलं होतं.

इथे ‘टू’ हवा, त्यातल्या लपलेल्या ‘नाही’साठी. ‘द सी इज टू रफ टु स्विम इन.’ आणि त्यापुढे सरळ हुकूम: ‘डू नॉट गो इन.’ वाळू पायाखालून ओढली जात असेल तर ‘द करंट इज टू स्ट्राँग.’ हेदवीच्या बामणघळीला पाहुण्यांना नेलंत तर भरतीच्या वेळी लाट कातळाच्या चिरेतून उसळून वर येते. तिथे ‘व्हेरी डेंजरस’ म्हणून भागत नाही, कारण ते ऐकून लोक फोटोसाठी आणखी पुढे सरकतात. ‘यू आर टू क्लोज. कम बॅक.’ छोटी वाक्यं, मोठा आवाज. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, हे सकाळी चहाबरोबरच सांगून ठेवा: ‘द टाइड इज व्हेरी हाय टुडे, सो द रॉक्स आर टू डेंजरस टु वॉक ऑन.’ आधी ‘व्हेरी’ने कारण, मग ‘टू’ने मनाई. एका वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी बसलेले आहेत. हे वाक्य मी वर्गात सगळ्यांकडून पाठ करून घेतो.

पाहुणा तरीही ऐकत नसेल तर आपल्या होड्या दाखवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा त्या वाळूवर झावळ्यांखाली झाकलेल्या असतात. ‘इट इज टू रफ इव्हन फॉर अवर बोट्स.’ आमच्या होड्यांनासुद्धा झेपत नाही असा समुद्र आहे, हे कळल्यावर बहुतेक जण टॉवेल घेऊन परत फिरतात.

वाटेच्या तोंडाशी फलक लावणार असाल तर वर मराठी, खाली इंग्रजी, आणि इंग्रजीत दोनच ओळी: ‘सी टू रफ टु स्विम. डू नॉट एंटर द वॉटर.’ पहिल्या ‘टू’ला दोन ‘ओ’, दुसऱ्याला एक, हे रंगाऱ्यासमोर उभं राहून तपासा. अक्षरं वीतभर उंचीची घ्या. आणि हे काम मेच्या मध्यालाच उरका, कारण तैलरंग नीट सुकायला चार-पाच दिवस कडक ऊन लागतं.